सोळा फोडी

हात पूस आधी, दारेजान.
बोटांना सुलुगुनीचं खारं पाणी आहे,
आणि भिंगाला चीज चालत नाही.

दार लाव. दिवा मालव.
फळीत ते खिळ्याचं भोक आहे ना,
बत्तीस वर्षं मी ते बुजवलेलं नाही.
आता समोरची भिंत बघ.
डोळे जरा सरावू देत.
दिसला? कुताइसीचा अख्खा बाजार,
डोकं खाली, पाय वर:
भाजीवाली दोमना छताला लोंबतेय,
कोथिंबिरीच्या जुड्या वरून खाली उगवल्यात,
एक कुत्रं उताणं चालत
पलीकडे गेलंसुद्धा.
कॅमेरा म्हणजे एवढंच, पोरी.
अंधार, एक भोक, आणि गप्प बसणारी भिंत.
बाकी सगळी कारखानदारी.

ही स्मेना माझ्या मेहुण्याची. धर.
कड्यावरचे आकडे वाच: चार, आठ, सोळा.
सोळा मोठा म्हणतेस? सगळेच म्हणतात.
मग सांग, एका खाचापुरीच्या चार फोडी केल्या
आणि तेवढ्याच दुसरीच्या सोळा,
तर भुकेल्यानं कुठली उचलावी?
हां.
चार म्हणजे दार सताड उघडं,
सोळा म्हणजे फटीतून डोकावणं.
पण फटीलाही गुण असतो:
सोळावर जवळचं नाक आणि लांबचा बर्फाचा डोंगर
दोन्ही रेखीव.
चारवर एकच माणूस नीट,
मागचं जग उन्हात ठेवलेल्या लोण्यासारखं.

वेळेचंही तेच. अडीचशे म्हणजे
सेकंदाच्या अडीचशे फोडी, त्यातली एक तुझी.
तेवढ्यात रिओनीचं पाणी थेंब न थेंब थांबतं.
पंधरावर तेच पाणी लोकरीसारखं पिंजून निघतं,
आणि श्वास रोखला नाहीस
तर पूलही.
आकडे नको असतील तर शेजारची चित्रं बघ,
ऊन, ढग, पाऊस.
कारखान्याला ठाऊक होतं,
आपल्याला आभाळ कळतं, हिशेब नाही.

राहिली फिल्म.
कमी आकड्याची म्हणजे गव्हाचं बारीक पीठ,
ऊन भरपूर मागते, काम सुबक करते.
जास्त आकड्याची म्हणजे मक्याचं भरड,
अंधारातही भागवते,
पण कणी दाताला लागते.
तीन जागी तीन लोक, उजेड एकच.
एकानं हात सैल सोडला
तर दुसऱ्यानं आखडायचा. जा आता.

*

तुझं रीळ मंगळवारी धुतलं.
अकरा चौकटी कोऱ्या निघाल्या.
झाकण काढलं नव्हतंस तू,
आणि काढायला मी सांगितलं नव्हतं.
स्मेना बघते बाजूच्या खिडकीतून,
भिंग बंद असलं तरी जग दिसत राहतं.
माणसांचंही होतं असं कधीकधी. असो.

बावीस नंबर बघ.
पांढऱ्या पुलावर मामुका, हातात पेटी,
पोलंडच्या विमानाला चार तास बाकी.
आणि त्याच चौकटीत तुमचा गाळा.
फिल्म पुढे सरकवायला विसरलीस.
नव्या यंत्रांत ही चूक करायची म्हटली
तरी सोपी नाही;
या म्हातारीत चाप वेगळा, फिल्म वेगळी.
म्हणून त्याच्या छातीतून
सुलुगुनीचे चार गोळे आरपार दिसतात,
आणि खांद्याच्या जागी आईचा तराजू,
एक पारडं किंचित खाली.

वेगळं करता येईल का, विचारतेस.
नाही येत.
उजेड एकदा बसला की बसला,
कोण आधी आलं, कोण नंतर,
त्याची नोंद फिल्म ठेवत नाही.

पुढच्या वेळी सरकव. कट्‌ आवाज येईपर्यंत.
पैसे नकोत. एक गोळा चीज आण,
कशासाठी ते घरी बोलू नकोस.
तुझी आई सकाळी येऊन गेली,
मामुकाचा झाला का म्हणून.
मी म्हटलं,
वाळतोय अजून.